घाई न करणारा गोंद

हातांना काम आणि मनाला विसावा देणाऱ्या छंदांविषयी आपण या सदरात बोलत असतो. आजचा छंद वरवर पाहता मुलांचा वाटेल: प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून मोटारगाडीची छोटी प्रतिकृती जुळवणे. परदेशातून सुट्टीवर आलेला मुलगा किंवा नात कधी असा खोका घेऊन येते. खोक्यावर एखाद्या देखण्या गाडीचे चित्र असते, आत चौकटींना देठांनी जोडलेले अनेक बारीक भाग आणि एक सूचनापत्रक असते. ज्यांचे आयुष्य यंत्रांच्या, आराखड्यांच्या किंवा शिवणकामाच्या सहवासात गेले, अशा निवृत्त हातांना तो खोका उघडताना आपले जुने कसब पुन्हा जागे झाल्यासारखे वाटते.

सांगाडा उभा राहतो, चाके बसतात, रंग वाळतो. मग येते काच. पुढची काच, खिडक्या, हेडलाइटची भिंगे आणि मागचे लाल दिवे हे पारदर्शक भाग बहुधा अखेरीस बसवायचे असतात, आणि नेमके तेथेच आठ-दहा दिवसांच्या मेहनतीवर पांढुरके सावट येते. काच धुरकटते, तिच्यावर बोटाचा ठसा उमटतो, नाहीतर कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. अशा वेळी वयस्क माणूस दोष देतो तो आपल्या थरथरत्या हाताला. वस्तुतः बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. निवड चुकलेल्या गोंदाचा असतो. आणि काच बिघडवणारे हेच गोंद वृद्धांच्या डोळ्यांना, त्वचेला आणि श्वासालाही त्रासदायक ठरू शकतात. म्हणून विषय लहान दिसला, तरी तो घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा असा आहे.

काचेचा स्वभाव

अशा प्रतिकृतींचे एक मोठे माहेरघर म्हणजे जपानमधील शिझुओका हे शहर. तेथील तामिया ही नामवंत कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली, पुढे लाकडी प्रतिकृती बनवू लागली आणि १९६० साली प्लॅस्टिककडे वळली. आओशिमा आणि फुजिमी या कंपन्याही त्याच शहरातल्या. मोटारींच्या प्रतिकृती पुष्कळदा मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या असतात. म्हणजे साडेचार मीटर लांबीची गाडी सुमारे १९ सेंटिमीटरची होऊन टेबलावर येते. त्या मापात हेडलाइटचे भिंग एखाद्या डाळीच्या दाण्याएवढे होते.

गाडीचे अपारदर्शक भाग आणि तिच्या काचा बहुधा एकाच कुळातील प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या असतात. मात्र पारदर्शक जात अधिक कडक आणि ठिसूळ. तिला वाकणे माहीत नाही. जोर दिला की ती तडकते. शिवाय रंगीत भागावर झालेली चूक घासून, वर रंग देऊन झाकता येते. काचेवर झाकणार कशाने? तिचे सारे सौंदर्य आरपार दिसण्यातच आहे.

प्रतिकृतीच्या दुकानात मिळणारा नेहमीचा गोंद हा खरे तर गोंद नव्हेच, तो द्रावक असतो. तो दोन्ही भागांचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो, विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन भागांचा एकच भाग होतो. सांगाड्यासाठी ही रीत उत्तम. पण काचेचा पृष्ठभाग विरघळला की तिची चकाकी जाते, आणि साच्यातून निघताना तिच्या अंगात राहिलेला ताण मोकळा होऊन बारीक भेगा पडतात. या भेगा पृष्ठभागाच्या आत उतरत असल्याने पुसून जात नाहीत.

चटकन चिकटणाऱ्याची गोष्ट

मग घरातले कोणीतरी म्हणते, "फेविक्विक आहे ना, लावा की एक थेंब!" फेविक्विकसारखे क्षणात चिकटणारे गोंद सायनोॲक्रिलेट या रसायनाचे असतात. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्या शोधात हे रसायन हाती आले. पण ते ज्याला त्याला चिकटून बसे, म्हणून बाजूला ठेवले गेले. १९५१ साली त्याच्या चिकटपणाचेच मोल ध्यानात आले आणि १९५८ साली ते गोंद म्हणून बाजारात आले. पारदर्शक प्लॅस्टिकच्या शोधातून जन्मलेला हा गोंद आमच्या पारदर्शक खिडकीला मात्र मानवत नाही!

त्याचे कारण असे. हा गोंद हवेतील आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्यामुळे घट्ट होतो. घट्ट होण्यापूर्वी त्याची वाफ आसपास पसरते आणि जवळच्या ओलसर जागी बसून पांढऱ्या भुकटीसारखी गोठते. गाडीच्या बंद टपाखाली ही वाफ कोंडली गेली की सगळ्या काचा धुरकटतात. आपल्या पावसाळी, दमट हवेत हा प्रकार अधिकच होतो. बोटाचा स्पर्श झालेल्या जागी घामाचा अंश राहतो, म्हणून तेथे वाफ आधी बसते आणि ठसा स्वच्छ उमटतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांच्या तपास-प्रयोगशाळेत नेमका हाच गुण हेरला गेला, आणि आज जगभर गुन्ह्याच्या वस्तूंवरील अदृश्य ठसे याच वाफेने दृश्य केले जातात. तपासाला उपकारक ठरणारा हा गुण आपल्या पुढच्या काचेला अपायकारक ठरतो, एवढेच.

पांढऱ्या गोंदाचा मोठेपणा

आता साधा प्रश्न विचारू. गाडीच्या काचेला भार तरी कोणता उचलायचा आहे? ती आपल्या खोबणीत बसून राहावी, एवढेच तिच्याकडून मागणे आहे. मग तिला लोखंडी मिठीची गरजच काय? तिला हवा सौम्य गोंद. आणि तो आपल्या घरात, नातवंडांच्या दप्तरात आधीपासून आहे. हस्तकलेसाठी वापरतात तो फेविकॉलच्या जातीचा, वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद.

हा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनिल ॲसिटेट. तो प्लॅस्टिक विरघळवत नाही, त्याची झोंबणारी वाफ येत नाही, आणि त्यातले पाणी उडून गेले की पांढरेपणा जाऊन तो स्वच्छ दिसू लागतो. जाणकार कारागीर ज्या गोंदाला काचेचा किंवा 'कॅनोपी'चा गोंद म्हणून पसंती देतात, तोही बहुधा याच घराण्यातला, थोडा अधिक लवचिक आणि चिवट असतो. सर्वच पांढरे गोंद सारखे स्वच्छ वाळत नाहीत. काही पिवळसर राहतात. म्हणून आधी चौकटीच्या टाकाऊ पारदर्शक तुकड्यावर एक ठिपका लावून रात्रभर ठेवावा आणि सकाळी उजेडात पाहावा.

या गोंदाचा खरा मोठेपणा मात्र निराळाच आहे. तो थांबतो. भाग तिरका बसला तर काही मिनिटे तो सरकवता येतो; फारच बिघडले तर ओल्या फडक्याने सर्व पुसून पहिल्यापासून आरंभ करता येतो. चटकन चिकटणारा गोंद एकच संधी देतो, आणि तीही स्थिर हाताला. थरथरणाऱ्या, संथ झालेल्या हाताला चुकण्याची आणि सुधारण्याची मुभा देणारा गोंद हवा. काचेचे हित आणि वृद्ध हाताचे हित येथे एकाच बाटलीत सापडते.

बसवण्याची रीत

पहिल्या दिवशी काच लावूच नये. सांगाडा द्रावकाने जोडला असेल, तर त्याची वाफ पूर्ण उडून जाण्यास दोन-तीन दिवस द्यावेत. अन्यथा ती आत कोंडून काचेला ग्रासते. पारदर्शक भाग चौकटीतून कापताना भागाला लागून कापू नये. आधी देठ थोडा लांब ठेवून कापावा आणि मग उरलेला तुकडा बारीक काचकागदाने हळूहळू घासावा. कापताना ठिसूळ तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे.

नंतर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून काच धुवावी, स्वच्छ पाण्यातून काढावी आणि तंतू न सोडणाऱ्या मऊ कापडावर वाळू द्यावी. यापुढे तिला कडेनेच धरावे. काचेच्या काठाला काळी पट्टी रंगवायची असेल, तर ती आधीच रंगवून वाळवून घ्यावी. मग गोंदाशिवाय एकदा काच खोबणीत बसवून पाहावी. जेथे अडते तेथे दाबू नये. खोबणीतला रंगाचा जाड थर खरवडावा.

आता दातकोरणीच्या टोकावर गोंद घेऊन खोबणीच्या कडेला चार-सहा बारीक ठिपके द्यावेत. गोंद काचेला न लावता खोबणीला लावणे चांगले. काच अलगद ठेवावी, हलकेच सरकवून नीट करावी आणि कागदी चिकटपट्टीच्या दोन लहान तुकड्यांनी जागी धरावी. बाहेर आलेला गोंद ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने लगेच टिपून घ्यावा. मग गाडी झाकून ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्याकडे पाहू नये. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक दिवस द्यावा, कारण हवेत ओलावा असला की गोंदातले पाणी सावकाश उडते.

हेडलाइटच्या मागे चांदीसारखा चकचकीत मुलामा दिलेला परावर्तक असतो. मुलाम्यावर गोंदाची पकड कच्ची राहते, म्हणून भिंग जेथे टेकते तेवढ्या कडेचा मुलामा टोकदार हत्याराने थोडा खरवडावा आणि गोंद त्या कडेलाच लावावा, मध्ये नव्हे. एवढे करूनही एखादी काच किंचित धुरकटली तर निराश होऊ नये. वरवरची भुकटी अगदी बारीक पॉलिशने, किंवा मऊ कापडावर थोडी पांढरी दंतमंजन-पेस्ट घेऊन हलक्या हाताने गोल गोल घासल्यास पुष्कळदा निघते. नेलपॉलिश काढण्याचे द्रव मात्र काचेजवळ आणू नये; त्यातील ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवते.

डोळे आणि हात

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान राहू लागते आणि भिंग पिवळसर होते. त्यामुळे तेच काम करण्यास तरुणपणापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरून येणारा प्रखर प्रकाश डोळ्यांवर चकाकतो. पारदर्शक भाग तर मुळातच दिसण्यास अवघड. यावर सोपा उपाय म्हणजे कड असलेल्या ताटात गडद रंगाचे कापड अंथरून त्यावर भाग ठेवणे. काचेच्या कडा उठून दिसतात, घरंगळलेला भाग ताटातच राहतो आणि जमिनीवर वाकून शोधाशोध करताना तोल जाण्याचा धोका टळतो. दिवा बाजूने यावा. टेबलावर उभे राहणारे भिंग असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. वीसेक मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर दूरवर पाहावे आणि डोळ्यांची उघडझाप करावी. बारीक कामात पापण्या मिटण्याचे प्रमाण कमी होते आणि डोळे कोरडे पडतात.

हात थरथरत असेल तर तो हवेत अधांतरी ठेवू नये. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवावे, आणि गाडीही फडक्याच्या चुंबळीवर स्थिर बसवावी. अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताची वेदना असणाऱ्यांनी उलटा चिमटा घ्यावा: तो दाबल्यावर उघडतो आणि सोडल्यावर आपोआप पकडतो, त्यामुळे बोटांना सतत जोर द्यावा लागत नाही. बारीक हत्यारांच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून ती जाड करावी. कंपवातासाठी औषध घेणाऱ्यांनी दिवसाच्या ज्या वेळी हात अधिक स्थिर असतात, ती वेळ काचेसाठी राखावी. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर धारदार पात्याऐवजी काचकागदाने करता येईल तेवढे काम काचकागदानेच करावे.

काळजीवाहूंनी जपायच्या गोष्टी

हा भाग घरातील मुलगा, सून, मुलगी आणि सेवेकरी यांनी अवश्य वाचावा. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाच्या काही बाटल्या आकाराने डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्यांसारख्या असतात. औषध समजून असा गोंद डोळ्यांत घातला गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. ज्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसातून अनेकदा थेंब घालायचे आहेत, ज्याची नजर मंद आहे आणि जो रात्री दिवा न लावता हात लांब करून बाटली घेतो, त्याच्यासाठी हा धोका फार खरा आहे. म्हणून नियम एकच: गोंद आणि औषध कधीही एका खणात, एका टेबलावर, एका डब्यात नसावेत. गोंदाचा डबा वेगळ्या खोलीत, झाकण लावून, मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवावा.

दुर्दैवाने असा गोंद डोळ्यांत गेलाच, तर पापण्या ओढून उघडू नयेत आणि कोणतेही द्रावक लावू नये. ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, वर ओले स्वच्छ कापड ठेवावे आणि विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बोटे एकमेकांना चिकटली, तर हिसका देऊ नये. वृद्धांची त्वचा पातळ असते, ती फाटते. कोमट साबणाच्या पाण्यात बोटे बुडवून ठेवावीत आणि बोथट कडेने हळूहळू सोडवावीत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: हा गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर वेगाने घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि चटका बसू शकतो. म्हणून तो कापसाने टिपू नये. मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंदावलेल्यांना असा चटका उशिरा जाणवतो.

द्रावकाचा गोंद वापरायचा असेल तेव्हा खिडकी उघडी असावी, आणि समई, उदबत्ती किंवा गॅसची शेगडी जवळ नसावी. हे द्रावक ज्वलनशील असतात. दमा किंवा श्वासाचा जुना विकार असलेल्यांनी द्रावक आणि झटपट गोंद दोन्ही टाळावेत, किंवा सांगाड्याचा तेवढा भाग दुसऱ्याकडून दुसऱ्या खोलीत जोडून घ्यावा. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हाती पांढरा गोंदही सोबतीनेच द्यावा, आणि लहान भाग तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष असावे.

एवढी काळजी घेतल्यावर शेवटची काळजी अशी, की काळजी जरा कमी करावी. काच बसवण्याचा क्षण आला की घरातले तरुण हात पुढे येतात: "आजोबा, द्या इकडे, मी पटकन लावून देतो." हेतू चांगलाच असतो. पण सांगाडा, चाके आणि रंग ज्याने केले, त्याच्याकडून अखेरची काच काढून घेणे म्हणजे त्याला त्याच्याच घराच्या उंबऱ्यावर थांबवणे होय. त्याऐवजी असे म्हणावे: "आजोबा, मी गाडी धरतो, काच तुम्ही बसवा." मदत तीच, पण काम कोणाचे हे बदलत नाही.

प्रतिकृती जुळवल्याने कोणताही आजार बरा होतो, असे मुळीच सांगायचे नाही. हात कापतात, नजर मंदावते, ते औषधोपचाराचे काम आहे. परंतु आदल्या रात्री पांढरा दिसणारा ठिपका सकाळी आरपार स्वच्छ झालेला पाहणे आणि त्या काचेतून आपणच रंगवलेले इवलेसे सुकाणूचक्र दिसणे, यात एक समाधान आहे. ज्या वयात सभोवतीचे सर्व जण घाईत असतात, त्या वयात आपल्या गतीने चालणारी एखादी तरी वस्तू घरात असावी. पुढच्या पावसाळी रविवारी खोका उघडाल, तेव्हा झटपट गोंद खणातच राहू द्या आणि नातवाच्या दप्तरातला पांढरा गोंद मागून घ्या. तो आपल्यासाठी थांबेल.